पाचवं तत्त्व: मुक्त सॉफ्टवेअर, ओपन सोर्स आणि खैरातची शाळा

लिनक्स, लिबरऑफिस, फायरफॉक्स, पायथन. मुक्त सॉफ्टवेअरची यादी काढा नाहीतर ओपन सोर्सची, दोन्हींत हीच नावं सापडतात. मग पंचवीसहून अधिक वर्षं या दोन नावांवरून वाद कशासाठी, असं संगणकावर काम करणारी तरुण मुलं विचारतात आणि त्यांचं विचारणं रास्त आहे. या वादाचं उत्तर याद्यांमध्ये सापडत नाही, असं माझं मत आहे. एखादा निर्णय घ्यायची वेळ आली, आणि ज्यांच्या हातात तो निर्णय नाही त्यांच्या बाजूनं त्याकडे पाहिलं, की फरक दिसू लागतो. असा एक निर्णय २००८ साली अमेरिकेत झाला. तो ज्या मुलांसाठी होता त्यांत रायगड जिल्ह्यातल्या एका एकशिक्षकी शाळेतली मुलंही होती.

खैरात हे कर्जत-खालापूरच्या डोंगरपट्ट्यातलं छोटं गाव. मुंबईहून लोकलनं कर्जत किंवा खोपोली सहज गाठता येतं, पण स्टेशन सोडून आत वळलं की ठाकूर, कातकरी, धनगर यांच्या वाड्या लागतात. तिथे चौथीपर्यंतची शाळा एका खोलीत, एकाच गुरुजींच्या भरवशावर चालते. २००७ च्या उत्तरार्धात खैरातच्या अशाच एका शाळेत वीसेक मुलांच्या हाती हिरवे-पांढरे छोटे लॅपटॉप आले. ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ या संस्थेचा तो भारतातला पहिला प्रयोग. केंद्र सरकारनं २००६ मध्येच या योजनेला नकार दिला होता. त्यामुळे दिल्लीच्या मदतीवाचून, एका वाडीपुरता हा प्रयोग उभा राहिला. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातली मंडळी त्याच्याशी जोडली गेली. त्यांत डॉ. नागार्जुन होते, फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन ऑफ इंडियाचे अध्यक्ष. म्हणजे मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ त्या खोलीतही हजर होती.

यंत्राचं नाव एक्सओ. ४३३ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २५६ मेगाबाइट मेमरी, १ गिगाबाइट साठवण. आजच्या स्वस्तातल्या स्वस्त मोबाइलपुढे काहीच नाही. एमआयटीच्या निकोलस नेग्रोपॉन्टी यांनी २००५ मध्ये १०० डॉलरच्या लॅपटॉपची घोषणा केली होती. प्रत्यक्षात किंमत १८० डॉलरच्या पुढे गेली. आत लिनक्स, आणि त्यावर मुलांसाठी खास घडवलेलं ‘शुगर’ नावाचं वातावरण. कळफलकावर सोर्स कोड दाखवणारी एक कळ योजली होती. मूल जे वापरत आहे ते आतून कसं लिहिलं आहे, हे त्याला तिथल्या तिथे उघडून पाहता यावं, हा तिचा हेतू. सगळ्या कार्यक्रमांत ती चालत नसे, पण शाळकरी यंत्राच्या कळफलकावर अशी कळ ठेवणं ही काही लहान गोष्ट नव्हती.

संस्थेनं आपली पाच तत्त्वं जाहीर केली होती. लॅपटॉप मुलाच्या मालकीचा असेल. तो लहान वयात मिळेल. गावातलं एकही मूल वगळलं जाणार नाही. यंत्रं एकमेकांना आणि जगाला जोडलेली असतील. आणि पाचवं: सॉफ्टवेअर मुक्त आणि ओपन सोर्स असेल. पाचव्या तत्त्वात दोन्ही शब्द शेजारी शेजारी ठेवले होते. त्या वेळी ते कोणाला खटकलं नाही. दोन विचारांच्या लोकांना एका कामाला लावायचं असेल तर असंच लिहितात. रिशब अय्यर घोष यांनी २००१ मध्ये ‘फ्लॉस’ हा जोडशब्द रूढ केला तोही याच सोयीसाठी.

पण ते दोन विचार वेगवेगळ्या ठिकाणाहून आले होते. रिचर्ड स्टॉलमन यांनी २७ सप्टेंबर १९८३ रोजी ग्नू प्रकल्पाची घोषणा केली, १९८५ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन स्थापन केलं आणि १९८९ मध्ये ‘जीपीएल’ हा परवाना आणला. त्यांचं म्हणणं नीतीचं होतं. जो प्रोग्राम तुम्ही वापरता तो चालवण्याचं, अभ्यासण्याचं, बदलण्याचं आणि वाटण्याचं स्वातंत्र्य तुम्हाला नसेल तर तुमच्यावर कोणाची तरी सत्ता चालते. मग तो प्रोग्राम कितीही चांगला असो. जीपीएलमध्ये त्यांनी एक अट घातली: बदललेली आवृत्ती तुम्ही दुसऱ्याला दिलीत तर हीच स्वातंत्र्यं त्यालाही द्यावी लागतील. लिनक्सच्या गाभ्याला लिनस टॉरवाल्ड्स यांनी हाच परवाना लावला. पुढे जानेवारी १९९८ मध्ये नेटस्केप कंपनीनं आपल्या ब्राउझरचा सोर्स कोड खुला करायचं जाहीर केलं आणि लगेच फेब्रुवारीत कॅलिफोर्नियात पालो आल्टोला काही मंडळी जमली. स्वातंत्र्याची भाषा कंपन्यांना बिचकवते आणि नावामुळे लोकांना ते फुकट वाटतं, असं त्यांना वाटत होतं. क्रिस्टीन पीटरसन यांनी ‘ओपन सोर्स’ हे नाव सुचवलं. एरिक रेमंड आणि ब्रूस पेरेन्स यांनी त्यासाठी ओपन सोर्स इनिशिएटिव्ह ही संस्था काढली. व्याख्येसाठी डेबियन या लिनक्स-प्रणालीच्या मुक्त सॉफ्टवेअरविषयक मार्गदर्शक तत्त्वांचाच मसुदा घेतला. म्हणजे मजकूर जवळपास तोच राहिला आणि कारण बदललं. कोड खुला असला की चुका लवकर सापडतात, खर्च वाचतो, काम चांगलं होतं. हे पटवायला सोपं होतं आणि ते पटलंही. लक्षात ठेवण्यासारखं हे की वर्षभरातच, १९९९ मध्ये, पेरेन्स यांनीच लिहिलं की आता पुन्हा स्वातंत्र्याबद्दल बोलायची वेळ आली आहे.

आता २००८ कडे येऊ. लॅपटॉप अपेक्षेइतके खपत नव्हते. काही देशांच्या शिक्षणमंत्र्यांना विंडोज हवं होतं. मायक्रोसॉफ्टनं आधीच्या वर्षी विकसनशील देशांतल्या विद्यार्थ्यांसाठी विंडोज एक्सपी अवघ्या ३ डॉलरला देऊ केलं होतं. एप्रिलमध्ये नेग्रोपॉन्टी म्हणू लागले की केवळ मुक्त आणि ओपन सोर्स सॉफ्टवेअरच वापरण्याच्या हट्टामुळे यंत्र वापरायला अवघड झालं आणि देश मागे हटले. त्याच महिन्यात शुगरचे मुख्य शिल्पकार वॉल्टर बेंडर संस्थेतून बाहेर पडले. मे महिन्यात एक्सओवर विंडोज एक्सपी देण्याचा करार जाहीर झाला, आणि बेंडर यांनी ‘शुगर लॅब्ज’ नावाची वेगळी संस्था उभी केली. स्टॉलमन स्वतः तेव्हा एक्सओ वापरू लागले होते, कारण ते यंत्र सुरू करणारं बायोसदेखील मुक्त होतं. विंडोजपासून हा प्रकल्प वाचवता येईल का, असं विचारणारा लेख त्यांनी लिहिला.

ज्यांना लाखो मुलांपर्यंत यंत्र पोचवायचं होतं त्यांचा हेतू खोटा नव्हता, हे आधीच सांगायला हवं. त्यांचा हिशेब सरळ होता. ओपन सोर्स निवडलं कारण ते स्वस्त होतं, हलकं होतं, हवं तसं बदलता येत होतं. आता विंडोजमुळे जास्त मुलांना लॅपटॉप मिळणार असतील आणि त्याचे तीनच डॉलर पडणार असतील, तर तोच हिशेब विंडोजच्या बाजूला झुकतो. ओपन सोर्सच्या युक्तिवादाला इथे नाही म्हणायला जागाच उरत नाही. तो गुणांवर उभा आहे, आणि दुसऱ्या पारड्यात गुण जास्त पडले की त्याला पलीकडे जावं लागतं. खैरातच्या शाळेतल्या मुलाला आपल्या यंत्राचं आतलं उघडून पाहण्याचा हक्क आहे, त्याच्या बदल्यात दुसरं काही देऊन तो काढून घेता येणार नाही, असं म्हणायला दुसरा युक्तिवाद लागतो. तो पाचव्या तत्त्वाच्या पहिल्या शब्दात होता आणि दुसऱ्या शब्दात नव्हता.

या भागात याहून जुना, शेतकऱ्याला पाठ असलेला एक दाखला आहे. कर्जतचं प्रादेशिक कृषी संशोधन केंद्र भाताच्या जातींसाठी ओळखलं जातं. कर्जत-३, कर्जत-७, कर्जत-१८४ या जाती कोकणातल्या खाचरांत पिकतात, आणि त्यांचं बियाणं शेतकरी आपल्याच पिकातून राखू शकतो. त्याच केंद्रातून ‘सह्याद्री’ हा संकरित भातही आला. त्याचं उत्पन्न जास्त, पण संकरित बियाणं दरवर्षी नव्यानं विकत घ्यावं लागतं, कारण घरचं राखलेलं पुढच्या पिढीत तसं उतरत नाही. केंद्र तेच, शास्त्रज्ञ तेच, दोन्ही भात चांगले. एकरी किती पोती झाली एवढाच प्रश्न विचारला तर संकरित जिंकेल. पुढच्या मृगाला मी कोणाच्या दारात उभा राहणार, असं विचारलं तर उत्तर बदलतं. २००१ च्या वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्यानं बी राखण्याचा, पेरण्याचा आणि देण्याघेण्याचा शेतकऱ्याचा हक्क कलम ३९ मध्ये वेगळा लिहून ठेवला, कारण उत्पन्नाच्या आकड्यांतून तो हक्क आपोआप सिद्ध होत नव्हता.

फरक नाही असं म्हणणाऱ्यांची बाजूही भक्कम आहे आणि ती मांडायलाच हवी. परवान्यांच्या पातळीवर दोन्ही संस्थांच्या याद्या जवळजवळ एकसारख्या आहेत. नासाच्या एका परवान्यासारखे तुरळक अपवाद आहेत, जे ओपन सोर्स इनिशिएटिव्हनं मान्य केले आणि फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशननं नाकारले. त्यांचा रोजच्या जगण्याशी संबंध नाही. एखादी मुलगी पुण्यात बसून लिबरऑफिसमधली चूक दुरुस्त करते तेव्हा तिनं ती नीतीसाठी केली की नोकरीसाठी, याचा त्या दुरुस्तीवर परिणाम होत नाही. शिवाय घडलं तेही या मंडळींच्या बाजूनं बोलतं. विंडोजवाल्या एक्सओंचा मोठा प्रसार झालाच नाही. उरुग्वेनं २००७ पासून आपल्या सरकारी प्राथमिक शाळांतल्या मुलांना लॅपटॉप दिले ते शुगरचेच. ज्याची भीती होती ते बव्हंशी घडलं नाही.

मग तो वाद वायफळ होता का? मला तसं वाटत नाही. शुगर टिकलं, कारण बाहेर पडलेल्यांना ते सोबत नेता आलं. संस्था बदलली, धोरण बदललं, तरी कोड कोणाच्या परवानगीवाचून दुसऱ्या घरात राहायला गेला. नेपाळमध्ये ओपन लर्निंग एक्स्चेंज या संस्थेनं एक्सओ शाळांत नेले आणि नेपाळी मुलांसाठी तिथल्याच अभ्यासक्रमावर धडे तयार केले, तेही आपल्याच देवनागरी लिपीत. मुळात परवान्यात लिहिलेलं स्वातंत्र्य होतं म्हणून हे जमलं. ओपन सोर्सवाले म्हणतील की आमच्या परवान्यानंही हेच झालं असतं, आणि ते खरं आहे. फरक असा की त्या हक्कासाठी भांडायचं कारण त्यांच्या शब्दकोशात नव्हतं. कोणीतरी भांडलं म्हणून हक्क वापरात आला.

मुक्त सॉफ्टवेअरचा खरा कस लागतो तो कोडच्या बाहेर, यंत्रावर. एक्सओमध्येच एक अडचण होती. चोरी झाली तर लॅपटॉप निकामी व्हावा म्हणून त्यात कुलूप बसवलं होतं. स्वाक्षरी नसलेली यंत्रप्रणाली घालायची असेल तर संस्थेकडून ‘डेव्हलपर की’ मागून घ्यावी लागे. हेतू चांगला, कोड खुला, तरी किल्ली दुसऱ्याकडे. याच दुखण्याचं मोठं रूप टीव्हो नावाच्या अमेरिकी यंत्रात दिसलं. आत जीपीएलचा लिनक्स होता, सोर्स कोडही नियमाप्रमाणे दिला होता, पण बदललेला कोड घातला तर यंत्र चालायला नकार द्यायचं. २००७ च्या तिसऱ्या जीपीएलमध्ये यावर बंधन आलं, आणि टॉरवाल्ड्स यांनी ते नाकारलं. यंत्र कसं बनवावं हे सॉफ्टवेअरच्या परवान्यानं सांगू नये, मला बदललेला कोड परत मिळाला की पुरे, अशी त्यांची भूमिका होती. लिनक्सचा गाभा आजही दुसऱ्या जीपीएलवरच आहे. दोन विचारांमधली भेग यापेक्षा उघडी क्वचितच पाहायला मिळते.

त्या भेगेतून जे आलं ते आज कर्जत-खालापूरच्या प्रत्येक वाडीत आहे. अँड्रॉइड फोनच्या तळाशी लिनक्स आहे, त्यावरचा बराच भाग ओपन सोर्स आहे, पण बहुतेक फोनचं बूटलोडर, म्हणजे फोन सुरू करणारा प्रोग्राम, कुलूपबंद असतं. कंपनीनं दोन-तीन वर्षांनी अपडेट थांबवले की धडधाकट फोन असुरक्षित ठरतो, आणि नवी प्रणाली त्यात घालायचा मार्ग सामान्य माणसाला उरत नाही. २०१७ मध्ये जिओफोन आला, १५०० रुपये परत मिळणाऱ्या ठेवीवर. ज्या घरांत स्मार्टफोन पोचला नव्हता तिथे तो पोचला आणि त्याचा उपयोग मोठा होता. त्याची कायओएस प्रणाली मोझिलाच्या फायरफॉक्स ओएसमधून निघालेली. फायरफॉक्स ओएसची मूळ कल्पना अशी की वेबपान लिहिता येणाऱ्या कुणालाही फोनसाठी ॲप लिहिता यावं. जिओफोनवर मात्र कंपनीच्या दुकानातून येईल तेवढंच. खुला कोड घरात आला आणि घरातल्या माणसाचा अधिकार होता तेवढाच राहिला.

सर्व्हरवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरची गोष्ट आणखी वेगळी. २६ मे २०२० रोजी सरकारनं आरोग्य सेतूच्या अँड्रॉइड ॲपचा कोड अपाची परवान्याखाली खुला केला. तो खरा ओपन सोर्स परवाना होता. पण माहिती जिथे जमत होती त्या सर्व्हरचा कोड त्या दिवशी खुला झाला नाही. आपल्या हातातलं ॲप वाचता येत होतं, आपल्याबद्दलचा निर्णय जिथे होत होता ते ठिकाण वाचता येत नव्हतं. मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांनी यासाठी २००७ मध्ये ‘एजीपीएल’ परवाना आणला: सर्व्हरवर बदललेला कोड चालवून लोकांना सेवा दिली तर तो कोडही त्यांना द्यायचा. जमिनीच्या सातबाऱ्यापुढे मात्र मला दोन्ही बाजू अपुऱ्या वाटतात. विमानतळ आणि द्रुतगती मार्गामुळे कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांत गुंठ्यागुंठ्याला मोल आलं आहे. फेरफाराची नोंद राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्रानं घडवलेल्या प्रणालीतून होते. त्या प्रणालीची स्वतःची प्रत चालवण्याचं स्वातंत्र्य शेतकऱ्याला मिळालं तरी त्याचा उपयोग काय? त्याला हवं आहे ते हे की नोंद कोणत्या नियमानं झाली ते कळावं, आणि चुकली असेल तर दुरुस्तीचा रस्ता असावा. सार्वजनिक पैशानं लिहिलेला कोड सार्वजनिक असावा ही मागणी युरोपात २०१७ पासून होत आहे, आणि ती इथेही व्हायला हवी. पण या ठिकाणी ती माहितीच्या अधिकाराची मागणी म्हणून जास्त नेमकी ठरेल.

गेल्या काही वर्षांत कंपन्यांनी जो धडा शिकवला तो थोडक्यात सांगतो. इलॅस्टिकनं २०२१ मध्ये, हॅशिकॉर्पनं २०२३ मध्ये आणि रेडिसनं २०२४ मध्ये आपले ओपन सोर्स परवाने मागे घेतले. नव्या आवृत्त्यांवर बंधनं आली आणि जगभरचे वापरणारे अडचणीत आले. हे करता आलं, कारण परवान्यात पुढच्यालाही तीच स्वातंत्र्यं देण्याची सक्ती नव्हती किंवा योगदान देणाऱ्यांनी आपले हक्क कंपनीला आधीच लिहून दिले होते. लिनक्सच्या गाभ्याचे हक्क हजारो जणांत विखुरलेले आहेत, त्यामुळे तिथे कोणा एकाला हे करता येत नाही. पुढे इलॅस्टिक आणि रेडिस दोघांनीही एजीपीएलचा पर्याय दिला, म्हणजे मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांच्याच कपाटातला परवाना उचलला. हा फरक तात्त्विक आहे असं म्हणणाऱ्यांनी त्या काळात ज्यांच्या रात्री गेल्या त्यांना विचारावं.

फरकानं फारसं बिघडलं नाही असंही एक क्षेत्र आहे, आणि ते आपल्या सगळ्यांच्या जवळचं आहे. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी तहसील कचेरीबाहेरच्या टायपिंगच्या दुकानात मराठी अर्ज टाइप केला की तो त्याच फॉन्टच्या संगणकावर उघडायचा, दुसरीकडे नेला की चिन्हांचा गोंधळ. अनेक पॅकेजांना संगणकामागे डोंगल लावावं लागे. मुंबईत प्रा. जितेंद्र शहा यांच्या इंडिकट्रान्स गटानं युनिकोडवर चालणारा ‘गार्गी’ हा देवनागरी फॉन्ट जीपीएलखाली दिला. रेड हॅटनं ‘लोहित’ दिला, तो आधी जीपीएलखाली होता आणि २०११ मध्ये ओपन फॉन्ट लायसन्सखाली आला. मुंबईच्याच एक टाइप या गटाचा ‘मुक्त’ हा फॉन्ट आज असंख्य मराठी संकेतस्थळांवर दिसतो, तोही याच परवान्यावर. इथे दोन्ही विचारांची माणसं एकमेकांच्या कामावर काम चढवत गेली आणि मराठी अक्षर कुलपातून सुटलं.

शाळांकडे परत येतो, कारण माझा जीव तिथे अडकला आहे. केरळनं आयटी ॲट स्कूल योजनेत शाळांसाठी स्वतःची ग्नू-लिनक्स आवृत्ती तयार केली, शिक्षकांना ती बसवायला आणि दुरुस्त करायला शिकवलं आणि दहावीची संगणकाची परीक्षा तीवर घेतली. त्यामागे पैशाचा विचार होता, पण फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन ऑफ इंडियाचं उद्घाटनही २००१ मध्ये तिरुअनंतपुरमलाच झालं होतं, हा योगायोग नव्हे. राज्यानं स्वातंत्र्याची भाषा वापरली, म्हणून स्वस्त विंडोजचा प्रस्ताव आला तरी रस्ता बदलायचं कारण उरलं नाही. महाराष्ट्रात त्याच २००१ मध्ये एमकेसीएलची स्थापना झाली आणि एमएस-सीआयटी गावोगावी पोचली. कर्जत, नेरळ, खोपोलीच्या मुलामुलींना संगणकाशी पहिली ओळख या अभ्यासक्रमानं करून दिली, नोकरीची दारं उघडली. त्याचं मोल मी कमी करणार नाही. पण ती ओळख विंडोज आणि ऑफिसची होती. संगणक म्हणजे हेच, असं एका पिढीच्या मनात बसलं. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्पानं लिबरऑफिसपासून पायथनपर्यंतचे धडे मराठीत आणले आहेत. ते उत्तम आहेत, आणि शाळांच्या रोजच्या वेळापत्रकात त्यांना अजून पुरेशी जागा नाही.

पुढे लोकवर्गणीतून डिजिटल शाळा उभ्या राहिल्या. गावानं पै-पै जमवून प्रोजेक्टर आणि संगणक घेतले, त्यात अभ्यासक्रमाचं पॅकेज घातलं. अशा पॅकेजचं लायसन्स बहुधा एका संगणकाला बांधलेलं असतं. हार्डडिस्क गेली की पुन्हा खरेदी. एखाद्या धड्यात वाडीतलं उदाहरण घालावं असं गुरुजींना वाटलं तरी घालता येत नाही. प्रत्येक ग्रामपंचायतीनं आणि केंद्रप्रमुखानं खरेदीआधी तीन गोष्टी लेखी विचारून घ्याव्यात, असं मी कळकळीनं सांगेन: दुसऱ्या संगणकावर घालता येईल का, बदल करून शेजारच्या शाळेला देता येईल का, आणि कंपनी बंद पडली तर चालू राहील का. केंद्र सरकारच्या २०१५ च्या ओपन सोर्स धोरणात याला आधार आहे. धोरणाचं नाव ओपन सोर्स, पण त्यातल्या व्याख्येत अभ्यासण्याचा, बदलण्याचा आणि पुन्हा वाटण्याचा हक्क लिहिलेला आहे. समर्थनीय कारण दिलं की दुसरं घेता येतं अशी सूटही त्यातच आहे, आणि कारण काय द्यायचं हे वरच्या कचेरीत ठरतं.

मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांना मात्र एक गोष्ट ऐकवायला हवी. खैरातच्या मुलानं सोर्स कोड दाखवणारी ती कळ दाबली तर समोर काय येणार होतं? पायथनचा कोड, इंग्रजी शब्दांत, इंग्रजी टिपांसह. शुगरच्या पडद्यावरचे शब्द स्वयंसेवकांनी मराठीत आणले, पण कोड मराठीत आला नाही, आणि घरी ठाकरी किंवा कातकरी बोलणाऱ्या मुलासाठी पुस्तकी मराठीदेखील दुसरी भाषाच असते. परवान्यानं हक्क दिला. तो वापरायला शिकवणारं माणूस, वेळ आणि भाषा परवाना देत नाही. दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबातल्या मुलाची शाळाच सुटते, तिथे बाकीचं सगळं पुढचं. चळवळीनं परवान्यांवर जेवढी ताकद लावली तेवढी या बाजूला लावली नाही. तिचा चेहरा झालेल्या स्टॉलमन यांना २०१९ मध्ये त्यांच्या विधानांवरून उठलेल्या वादात फाउंडेशनचं अध्यक्षपद सोडावं लागलं, ते २०२१ मध्ये मंडळावर परतले, आणि अनेक तरुण या सगळ्यापासून दूर गेले. तरीही हक्क असल्याशिवाय शिकवणाऱ्याला सुरुवातच करता येत नाही. होमी भाभा केंद्रातल्या मंडळींना खैरातमध्ये जे करून पाहता आलं, ते बंद यंत्रावर करून पाहता आलं नसतं.

आता हाच प्रश्न कृत्रिम बुद्धिमत्तेच्या रूपानं आला आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये ओपन सोर्स इनिशिएटिव्हनं ओपन सोर्स कृत्रिम बुद्धिमत्तेची पहिली व्याख्या जाहीर केली. तीत प्रशिक्षणाचा डेटा प्रत्यक्ष देण्याची सक्ती नाही, त्याचं तपशीलवार वर्णन पुरे. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनचं म्हणणं असं की डेटाही मुक्त असल्याशिवाय स्वातंत्र्य पुरं होत नाही. केंद्र सरकारच्या भाषिणी उपक्रमात ‘भाषादान’ म्हणून नागरिकांकडून आवाज आणि वाक्यं गोळा होतात, त्यांत मराठीही आहे. उद्या कातकरी मुलांना त्यांच्या बोलीतून वाचायला शिकवणारं साधन कोणी या पट्ट्यात आणलं, तर ते बोलायला शिकणार ते इथल्याच आयाबायांच्या आवाजावरून. ते आवाज कोणत्या अटीवर दिले गेले, त्यातून घडलेलं साधन त्या वाडीला बदलून वापरता येईल का, दुसऱ्या वाडीला देता येईल का, हे आवाज ध्वनिमुद्रित होण्याआधी करारात लिहून घ्यावं लागेल, कारण २०२४ च्या व्याख्येतून ते आपोआप मिळत नाही.